कोकणचे बिरडे, परदेशचा शनिवार

परदेशगमन हा विषय आता आपल्या कुटुंबांतून नवलाईचा राहिलेला नाही. ज्या घरी पूर्वी मुलगा मुंबईस नोकरीला लागला म्हणजे सत्यनारायण होत असे, त्या घरची नातवंडे आता कॅलिफोर्नियात अगर सिडनीस जन्मास येतात. तथापि परदेशी गेलेली मंडळी घरी जे सांगतात ते बहुधा पगार, थंडी आणि घराचे भाडे यांविषयीच. तेथे सकाळी काय खातात, सुटीचा दिवस कसा घालवितात, कोणत्या पदार्थाने पहिल्या दिवशी फसगत झाली, हे बारीकसारीक सांगावयाचे राहून जाते. वस्तुतः मनुष्य परमुलखात कितपत रुळला याची परीक्षा त्याच्या ताटावरून आणि त्याच्या सुटीच्या दिवसावरून जशी होते, तशी दुसऱ्या कशावरूनही होत नाही.

या विषयावर लिहावयाचे म्हटले म्हणजे विलायतेस शिकावयास गेलेल्या थोरामोठ्यांची नावे प्रथम आठवतात. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या व १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयातून एम. डी. होऊन परतल्या, तेवढ्या काळात त्यांनी आपले लुगडे सोडले नाही की आपला आहार सोडला नाही. परंतु ती एकेकट्या व्यक्तींची धैर्ये होत. आजी, सून, पाळण्यातले मूल, फोडणीची पळी आणि वालाची पिशवी यांसह घरेच्या घरे परदेशी गेली, असा दाखला हवा असेल तर तो आम्हांस फार दूर शोधावा लागत नाही. वरसे गावच्या आमच्या घरून रोहे शहर पायी गाठता येते, आणि कुंडलिका ओलांडली की अष्टमी. या दोन गावांची नावे धारण करणारे रोहेकर आणि अष्टमकर आज भूमध्य समुद्राच्या काठी राहतात. पेणकर, किहीमकर, चेऊलकर, दिवेकर, नवगावकर हेही त्यांचेच भाऊबंद. हे आमचे बेने इस्राएल शेजारी होत.

ज्या वाचकांस या समाजाची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी केव्हातरी अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी या लोकांची परंपरागत समजूत आहे. त्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवावयाचा हा त्यांचा कुलधर्म असल्यामुळे गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी, वेष मराठी, आडनावे गावांवरून. अलिबागेस अद्यापि इस्राएल आळी आहे. रेवदंडा, पनवेल, पेण येथे त्यांची प्रार्थनामंदिरे आहेत. अब्राहाम आणि मोशे यांच्या आख्यानांवर मराठीत कीर्तने करणारा यहुदी समाज जगात हा एकच असावा. १९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले तेव्हा हिंदुस्थानात यांची संख्या सुमारे २०,००० होती. पुढील दोन-तीन दशकांत त्यांतील बहुतेक तिकडे निघून गेले, आणि आज येथे उरले त्याहून कितीतरी पटींनी अधिक तेथे आहेत.

या लोकांचे सण त्यांच्याच मराठीत ऐकावे म्हणजे ते किती आपले होते हे ध्यानात येते. त्यांच्या वर्षारंभास ते नव्याचा सण म्हणत. मोठ्या उपासाच्या दिवसास दारफाळणीचा सण. पुरीम हा त्यांचा आनंदाचा सण आपल्या फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणून तो होळीचा सण. खिरीचा सण निराळाच. आणि यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा जो उपवास आषाढ-श्रावणाच्या सुमारास येतो, त्याचे नाव बिरड्याचा रोजा! हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे छापलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात हे सण नोंदलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराचा शोक कोणी करावा आणि त्यास नाव द्यावे मोड आणून सोललेल्या वालाचे, ही गोष्ट कोकणाबाहेर घडणे शक्य नाही. संस्कृतात वालास निष्पाव म्हणतात. पण त्या शब्दात रोहे-पेणच्या वालाची चव उतरत नाही, ती बिरडे या शब्दातच आहे.

तीच गोष्ट पोह्यांची. सुदाम्याने द्वारकेस नेले ते पृथुक म्हणजे पोहेच. आमच्या रोह्या-पेणच्या पोह्यांस मुंबईपर्यंत मान. बेने इस्राएलांच्या घरी कोणतेही शुभकार्य झाले, नवस फिटला, की संदेष्टा एलिया याच्या नावाने मलिदा करितात. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, खजूर आणि निरनिराळी फळे यांचे ते ताट असते. अलिबागनजीक खंडाळे येथील खडकावर एलियाच्या रथाची खूण आहे, असे ते मानितात. आता तो नवस फेडण्यास ते हैफा येथील कार्मेल डोंगरावरील एलियाच्या गुहेत जातात; देव तोच, पोहेही तेच, फक्त पोहे आता दुरून आणावे लागतात.

आता तिकडे गेल्यावर काय झाले ते पाहू. आमचे एक शाळासोबती आईवडिलांबरोबर सत्तरच्या दशकात तिकडे गेले. अधूनमधून ते कोकणात येतात तेव्हा आमच्या ओटीवर बैठक जमते. ते सांगत की पहिले वर्ष त्यांच्या घरी जे हसे झाले ते सर्व शब्दांमुळे. शेजारी मोरोक्कोहून आलेले एक कुटुंब होते. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत चहा पुढे करून विचारिले, “यात नाना घालू का?” यांच्या वडिलांना घरी नाना म्हणत! वडील दचकले, आई तोंडाला पदर लावून हसू लागल्या, आणि शेजारीणबाई पुदिन्याची काडी हातात धरून गोंधळून उभ्या. त्या मुलखात पुदिन्यास नाना म्हणतात. पुढे वसंतात त्याच शेजाऱ्यांनी सांगितले, “उद्या आमच्याकडे मंगल आहे, सगळ्यांनी या.” आईंनी ठेवणीतले लुगडे काढले, नारळ घेतला, मुलांना तीट लावली. जाऊन पाहतात तो एका बागेत पन्नास ठिकाणी धूर निघत आहे, आणि पुरुषमंडळी पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी निखारे फुलवून सळईवर मांसाचे तुकडे भाजीत आहेत. त्या शेगडीस तुर्कांपासून चालत आलेले नाव मंगल! तेथील स्वातंत्र्यदिनी निम्मा देश असा धुरात बसलेला असतो, असे म्हणतात.

आमच्या शाकाहारी वाचकांनी नाक मुरडण्यापूर्वी एक आठवावे. पौषाच्या थंडीत आपल्या रायगड जिल्ह्यात शेतोशेती काय चालते? मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, रताळी. वरून पुन्हा पाला. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. पाणी नाही, तेल नाही, शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. ही आपली पोपटी. मांसाहारी घरी त्यात कोंबडीही जाते, आपल्या घरी जात नाही, एवढाच फरक. थंडीत उघड्यावर जाळ करावा, मोठ्यांनी तो फुंकावा, मुलांनी हात भाजून घ्यावे आणि घरी चूल असूनही रानात जेवावे, ही हौस दोन्हीकडे सारखीच आहे. आमचे स्नेही म्हणतात की त्यांच्या आईंनी दुसऱ्या वर्षी त्या निखाऱ्याच्या कडेला रताळी पुरली, आणि तिसऱ्या वर्षापासून शेजारीणबाई आधीच विचारू लागल्या, “यंदा रताळी किती आणू?”

सगळेच नवल असे हसण्यासारखे नव्हते. भातावर वाढलेल्या माणसास भात न मिळणे म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको. इस्राएलात १९४९ पासून १९५९ पर्यंत अन्नाची शिधावाटप पद्धत होती. देश नवा, माणसे लोंढ्याने येत होती आणि तांदूळ दुर्मीळ. तेव्हा पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून तेथील ओसेम या कारखान्याने गव्हाच्या पिठाचे तांदळाच्या आकाराचे दाणे भाजून विकावयास काढले. लोक त्यांस ‘बेन-गुरियनचा तांदूळ’ म्हणू लागले. आज तो पदार्थ गोल मोत्यांच्या आकारात मुलांचा आवडता झाला आहे. परंतु कोलमाचा भात सोडून आलेल्या आजीच्या ताटात ते दाणे प्रथम पडले असतील तेव्हा तिने वरण कशावर ओतावे? ऑलिव्हचे फळ पाहून करवंदाची आठवण यावी आणि दातांखाली येताच खारट-कडू निघावे, हा अनुभव तर जवळजवळ प्रत्येकाचा. उलट काकडी-टोमॅटो बारीक चिरून सकाळच्या न्याहारीस वाढतात ती आपली कोशिंबीरच. हरभऱ्याची तळलेली फलाफल म्हणजे वड्यांची मावसबहीण. आणि तिळाचा हलवा तर संक्रांतीखेरीज बारा महिने मिळतो.

सोवळे-ओवळे पाळलेल्या घरांस त्यांचा आहारधर्म समजावयास वेळ लागू नये. दुधाचा पदार्थ आणि मांस एकत्र खावयाचे नाहीत. दोहोंची भांडी निराळी, घासावयाची जागाही शक्य तर निराळी. मांस खाल्ल्यावर काही तास दूध वर्ज्य. वल्हांडणाच्या सणापूर्वी घरातील आंबलेल्या पिठाचा कणन्कण झाडून काढावयाचा. कोकणात या नियमास नारळाने मोठाच आधार दिला. दही-दुधाच्या जागी नारळाचा रस आला की नियमही राहतो आणि आमटीही दाट होते. म्हणून या लोकांच्या पाककृतीत नारळाचा रस पदोपदी आढळतो. तिकडे ओला नारळ सहज मिळेना, तेव्हा गृहिणींची खरी अडचण झाली. धर्म सुटला नाही, पण धर्म पाळण्याचे कोकणी साधन सुटले.

आता सुटीचे पाहू. आपल्याकडे जुन्या पाठशाळांतून अनध्याय असे ते प्रतिपदा, अष्टमी अशा तिथींस. सात दिवसांनी एकदा सर्वांनी मिळून थांबावयाचे ही कल्पना आपल्या परंपरेत नव्हती. रविवारची सुटी इंग्रजी कचेऱ्यांबरोबर आली, आणि गिरणीकामगारांस ती मिळाली १० जून १८९० रोजी, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडल्यानंतर. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याच गावात एक घाणा दर सात दिवसांनी बंद पडत होता, आणि गावाने त्याची नोंद केली ती केवळ एका टोपणनावापुरती.

हेच लोक इस्राएलात गेले तेव्हा काय पाहतात? शुक्रवारी दुपारपासून बाजार आवरू लागतो. सूर्यास्ताबरोबर बहुतेक गावांत बसगाड्या थांबतात. शनिवारभर चूल पेटवावयाची नाही म्हणून शुक्रवारीच भरलेले पातेले मंद आचेवर रात्रभर राहते. रविवारी मात्र दप्तरे घेऊन पोरे शाळेत. मुंबईत वाढलेल्या मुलांस रविवारच्या शाळेचे जेवढे दुःख झाले तेवढे परदेशाचेही झाले नाही! दुपारी दोन ते चार ही तेथे शांततेची वेळ मानितात. आपली वामकुक्षी तेथे अशी सार्वजनिक नियमास चढलेली पाहून आमच्या स्नेह्यांच्या वडिलांस त्या देशाविषयी प्रथमच पूर्ण आदर वाटला म्हणतात.

येथे आम्हांस या सर्व प्रकरणातील मर्म दिसते. कोकणात या घरांस शेजाऱ्यांहून निराळे करीत असे ती एक गोष्ट म्हणजे शनिवार. बाकी भाषा, भात, बिरडे, लुगडे, ओवी, सारे समाईक. इस्राएलात नेमके उलटे झाले. तेथे शनिवार सर्वांचा. त्यात निराळेपण काही उरले नाही. आणि ज्याचा येथे कधी विचारही करावा लागला नाही ते बिरडे, ते लुगडे, ती मराठी, हीच तेथे त्यांच्या निराळेपणाची खूण झाली. आईंचे एक वाक्य आमच्या स्नेह्यांनी सांगितले ते आम्ही विसरलो नाही: “तिथं होते तेव्हा मला लोक इस्राएल म्हणत, आणि इस्राएलात आले तर म्हणतात हिंदी.”

हे निराळेपण नेहमीच सुखाचे गेले नाही. बीरशेबाकडे राहणाऱ्या काही बेने इस्राएल कुटुंबांनी १९५१ साली, आपणांस कामात व वागणुकीत दुजाभाव मिळतो, अशी तक्रार करून तेल अवीव येथे धरणे धरिले व परत पाठविण्याची मागणी केली. त्या तक्रारीत पावाचीही गोष्ट होती. काळ्या माणसांस काळा पाव, असे ऐकविले जाते, असे त्यांचे म्हणणे. १९५२ साली काही मंडळी खरोखरच भारतात परत आली. पुढे त्यांतील बऱ्याच जणांनी पुन्हा तिकडची वाट धरली. पाठोपाठ त्याहून मोठा घाव बसला. यांचे विवाह व घटस्फोट शास्त्रशुद्ध असतील काय, अशी शंका तेथील धर्मपीठाने काढिली व लग्ने अडू लागली. ज्या एका शनिवारासाठी शतकानुशतके घाणा बंद ठेविला, त्या शनिवारच्या देशात ‘तुम्ही आमचेच काय?’ हा प्रश्न! चळवळ झाली, उपोषणे झाली, आणि १९६४ साली तेथील कायदेमंडळाने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले. येथे गावाने त्यांच्या धर्मास हात लावला नव्हता, हे आपल्या पूर्वजांच्या श्रेयाचे आहे. पण त्यावर फुशारकी मारण्यापूर्वी, त्याच पूर्वजांनी कोणाकोणाच्या हातचे पाणी वर्ज्य केले होते, हेही आपण ओटीवर बसून आठवलेले बरे.

आज तेथे तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. दिमोना, लोद, रामले, अश्दोद या गावांतून हिंदी वाण्यांची दुकाने आहेत. वाल मिळतात, पोहे मिळतात. १९८५ पासून तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघू लागले. तथापि नातवंडांची भाषा हिब्रू झाली आहे, आणि हे अपरिहार्य होते. आमच्या स्नेह्यांची नात आजीला मराठीत चार वाक्ये बोलते. त्यांतील तीन जेवणाविषयी असतात. “आजी, बिरडं कर” हे तिचे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, असा निकाल आम्ही शिक्षक या नात्याने दिलेला आहे.

ही सर्व हकीकत सांगण्याचे कारण असे की, अलीकडे अनेक घरांतून एक वाद ऐकू येतो. परदेशातील मुलगा-सून गणपती चतुर्थीस न बसविता पुढच्या शनिवार-रविवारी उत्सव करितात. दिवाळीस सुटी नाही म्हणून फराळ आठवड्याने होतो. आणि येथे आजी-आजोबा म्हणतात की मग तो सण कसला? उलट सूनबाई म्हणतात, रजा कोण देणार? दोन्ही पक्ष आमच्यापुढे आले म्हणजे आम्ही बेने इस्राएलांचे उदाहरण सांगतो. या लोकांनी कोकणात फार थोड्या गोष्टी घट्ट धरिल्या: शनिवार, आहाराचे नियम, मुलाची सुंता आणि एक प्रार्थना. त्या थोड्यांसाठी कोणाचीही सबब ऐकली नाही. बाकी सर्व त्यांनी मोकळेपणाने सोडिले, आणि भूमीने दिले ते घेतले. शोकाच्या उपवासासही वालाचे नाव दिले. शंभर गोष्टी धरू पाहणारा शंभरही हरवून बसतो. आणि काहीच न धरणाऱ्याच्या नातवंडांस विचारावयास आजोबांचे गावही उरत नाही.

तेव्हा वादात शिरण्यापूर्वी प्रत्येक घराने वडीलधारी आणि मुले-सुना यांनी मिळून ठरवावे, की आपल्या धरून ठेवण्याच्या दोन-चार गोष्टी कोणत्या. एखाद्या घरी ती तिथी असेल. मग रात्री आठ वाजता कामावरून येऊनही त्याच दिवशी दूर्वा वाहाव्या, आणि पाहुणे रविवारी बोलवावे. दुसऱ्या घरी ते श्राद्धाचे ताट असेल. आमच्यापुरते विचाराल तर जेवताना मराठीतच बोलावयाचे हा एक नियम आम्ही पहिला धरू. कारण बिरडे इंग्रजीत मागता येत नाही. आणि एक विनंती घरच्या आजीबाईंस. वालास मोड किती प्रहरांनी येतात, गार हवेत पंचा कोणत्या उबेला ठेवावा, सोलताना दाणा दुभंगू नये म्हणून काय करावे, नारळ न मिळाल्यास काय चालेल, हे ‘अंदाजाने’ या एका शब्दावर न सोडता मापाने लिहून पाठवावे. परदेशातील सुनेला आपला अंदाज पोस्टाने जात नाही.

पुढील महिन्यात, वाचकांच्या आग्रहावरून, अधिक महिन्याविषयी लिहिण्याचा विचार आहे. यहुदी पंचांगातही एकोणीस वर्षांत सात महिने अधिक धरितात, आणि आपले गणितही जवळजवळ तेथेच येते. या दोन पंचांगांचा शेजार त्या वेळी पाहू.